घरकर्जाची फारखत

घरावरचे कर्ज एका बँकेतून उचलून दुसऱ्या बँकेत नेण्याचा जो व्यवहार आजकाल 'बॅलन्स ट्रान्सफर' किंवा 'टेकओव्हर' या नावांनी सर्वतोमुखी झाला आहे, तो वरवर पाहणाऱ्यास केवळ त्रैराशिकाचा विषय वाटतो: जुना दर अमुक, नवा दर तमुक, उरलेली मुदत इतकी, तेव्हा बचत तितकी. ही आकडेमोड आवश्यक आहे, आणि पुढे ती केलीही आहे. तथापि ज्यांनी हा व्यवहार अखेरपर्यंत तडीस नेला आहे त्यांना हे पक्के ठाऊक असते की, नवे कर्ज मंजूर होणे हा त्यातील सोपा भाग असून जुन्या कर्जातून सर्वार्थाने मुक्त होणे, म्हणजे मूळ दस्तऐवज हाती येणे, सरकारी दप्तरातील बोजा उतरणे आणि जुन्या धनकोकडे आपली जी काही रक्कम अडकून राहिली असेल ती परत मिळणे, हाच त्याचा कठीण आणि महत्त्वाचा भाग होय.

हा भाग खेड्यात कसा असतो हे पाहण्यासाठी एक गाव घेऊ. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव उभ्या महाराष्ट्राला परिचित आहे ते २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर आपल्या सहा सरदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि येथील खिंडीत कामी आले त्या प्रसंगामुळे. पण आपल्याला या गावाकडे पाहावयाचे आहे ते आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ म्हणून. पलटणीतून निवृत्त होऊन आलेला जवान, मुंबईत हयात घालवून परतलेला चाकरमानी, माध्यमिक शाळेचा शिक्षक आणि उसाच्या बिलावर वर्षाचा संसार आखणारा शेतकरी या सर्वांना येथे घर बांधावयाचे असते. अशा गावातील घराच्या कागदपत्रांचा प्रश्न शहरातील सदनिकेच्या प्रश्नाहून निराळा आहे, कारण जुने घर बहुधा गावठाणात असते आणि गावठाणातील जागेला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीचा, म्हणजे 'नमुना आठ'चा उतारा तेवढा मिळतो. परंतु ती नोंद घरपट्टी कोणाकडून वसूल करावयाची एवढ्यापुरती असून तिने मालकी हक्क सिद्ध होत नाही. परिणामी व्यापारी बँका गावठाणातील घरावर कर्ज देण्यास वर्षानुवर्षे कचरत आल्या, आणि घरधन्याला ओळखीच्या पतसंस्थेकडे अधिक दराचे कर्ज घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ही परिस्थिती पालटण्यास आरंभ झाला तो गावठाणांच्या ड्रोन मोजणीपासून. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी महाराष्ट्राने या मोजणीचा पहिला प्रयोग केला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'स्वामित्व' योजना जाहीर करून तीच पद्धत देशभर नेण्याचे ठरविले. मोजणी पुरी झालेल्या गावठाणात प्रत्येक घराला मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. ज्याच्या हाती अशी पत्रिका आली, तो पतसंस्थेचे महाग कर्ज फेडून बँकेचे स्वस्त कर्ज घेण्याचा विचार आयुष्यात प्रथमच करू शकतो. म्हणून खेड्यातील कर्ज-हस्तांतराचा मार्ग पुष्कळदा पतसंस्थेकडून बँकेकडे असा जातो, आणि शहरातल्याप्रमाणे एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे जात नाही. या भेदाचे परिणाम फार दूरवर पोहोचतात. त्यांचा विचार यथाक्रम येईल.

गहाण ही संस्था आपल्याकडे नवी नाही. जमिनीचा ताबा कुळाकडेच ठेवणारे नजरगहाण, ताबा सावकाराकडे देणारे कब्जेगहाण आणि मुदतीत रक्कम न फेडल्यास खरेदी कायम होणारी मुदतखरेदी हे तिन्ही प्रकार आपल्या आजोबा-पणजोबांच्या दप्तरांत हटकून सापडतात, आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५८ व्या कलमाने त्या सर्वांना कायद्याचे रूप दिले आहे. आजचे गृहकर्ज बहुधा याच कलमात शेवटाकडे वर्णिलेल्या प्रकारात मोडते: धनकोच्या हाती मूळ हक्कपत्रे तारण म्हणून सुपूर्त केली की गहाण पुरे होते. मात्र ही सुपूर्ती कायद्याने अधिसूचित केलेल्या शहरातच व्हावी लागते, मिळकत मग कोठेही असो. म्हणूनच खेड्यातल्या घराचे कागद कित्येकदा गावच्या शाखेत न राहता शहरातील मोठ्या कचेरीत जाऊन पडतात, आणि ते परत मागताना घरमालकाला कोणत्या दाराशी जावे हे कळत नाही.

याच अधिनियमाचे ६० वे कलम गहाणदाराचा सर्वांत मौल्यवान हक्क सांगते. देणे चुकते केले की गहाण सोडवून घेण्याचा त्याचा अधिकार करारातील कोणत्याही शर्तीने हिरावून घेता येत नाही. १९२९ च्या दुरुस्तीने त्याला जोडलेले '६० अ' हे कलम तर आपल्या विषयाशी थेट निगडित आहे, कारण त्यान्वये ऋणको आपल्या धनकोला असे सांगू शकतो की, मी तुझे देणे फेडतो, तू गहाण मला परत न देता मी नाव सांगेन त्या तिसऱ्या इसमाच्या नावे करून दे. कर्ज एका धनकोकडून दुसऱ्याकडे नेण्याची मुभा ही आजच्या बँकांनी कृपावंत होऊन दिलेली सवलत आहे असे मानणाऱ्यांनी हे कलम अवश्य ध्यानात ठेवावे.

आणि हेही ध्यानात ठेवावे की ऋणकोचे असे हक्क सहजासहजी मिळालेले नाहीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चालून जाऊन जे जाळले ते कर्जरोखे होते, कारण फेडलेल्या कर्जाचा रोखाही सावकाराच्या पेटीतून पुन्हा बाहेर निघून न्यायालयात उभा राहू शकतो हे त्यांनी अनुभवले होते. त्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने ऋणकोला भरलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तिका मागण्याचा अधिकार दिला. करवीर संस्थानातील नेसरीस तो कायदा लागू नव्हता. पण कर्ज फेडणाऱ्याच्या हाती त्याचा लेखी पुरावा असलाच पाहिजे हे त्याने मान्य केलेले तत्त्व आज सर्वत्र चालते, आणि गृहकर्ज हलविणाऱ्याचा सारा भर त्यावरच असतो.

आता दरांकडे वळू. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बाह्य मानदंडाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, जोडलेली असतात आणि त्यांचा दर निदान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो. मे २०२२ पर्यंत ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला, तेथे दोन वर्षे स्थिरावला आणि जून २०२५ पर्यंत ५.५ टक्क्यांवर उतरला. सहकारी बँकांना हा आदेश लागू नाही, आणि पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतच येत नाहीत. त्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली चालतात. त्यामुळे रेपो खाली आला तरी पतसंस्थेच्या कर्जदाराचा हप्ता हलत नाही, आणि बँकेच्या जुन्या पद्धतीच्या कर्जदारापर्यंतही ती घट फार सावकाश पोहोचते. अशा जुन्या कर्जदाराने दुसऱ्या बँकेचे दार ठोठावण्यापूर्वी आपल्याच बँकेकडे रेपोशी जोडलेल्या दरात रूपांतर करून देण्याचा लेखी अर्ज करावा. बहुतेकांचे काम तेवढ्यानेच आणि अल्प खर्चात होते, शिवाय कागदही जागचे हलत नाहीत.

उदाहरणासाठी असे समजू की कोणी २० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येईल. पाच वर्षे तो इमाने-इतबारे भरल्यावर एकूण १० लाख ८० हजारांच्या आसपास रक्कम बँकेकडे गेलेली असेल. मात्र त्यातील सुमारे २ लाख २६ हजारच मुद्दलात जमा होऊन १७ लाख ७४ हजार अद्याप बाकी असतील. ही बाकी ८ टक्क्यांच्या दुसऱ्या कर्जात उरलेल्या १५ वर्षांसाठीच नेली, तर हप्ता १६,९५५ वर येतो आणि एकूण बचत सुमारे १ लाख ८७ हजार होते. दर ८ टक्क्यांवर आणूनही हप्ता पूर्वीचाच, १७,९९५ चा, चालू ठेवला तर कर्ज सुमारे १९ महिने आधी फिटते आणि बचत ३ लाख ३८ हजारांवर जाते. परंतु नव्या बँकेचा प्रतिनिधी 'हप्ता एकदम तीन हजारांनी कमी करून देतो' असे सांगून मुदत पुन्हा २० वर्षांची करू लागला, तर सावध व्हावे: हप्ता १४,८४० होतो खरा, पण अखेरीस जुन्या ९ टक्क्यांच्या कर्जात राहून जेवढे भरावे लागले असते त्याहून सुमारे ३ लाख २२ हजार रुपये अधिक भरले जातात. दर कमी झाला आणि तरीही कर्ज महाग पडले, असे केवळ मुदतीमुळे घडू शकते. हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड कर्जदाराला देण्याचा दंडक रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दराच्या फेरनिश्चितीबाबत घातला आहे. कर्ज हलविताना मात्र ही निवड नव्या करारावर सही करण्यापूर्वी आपली आपणच करावी लागते.

बचतीतून खर्च वजा केला पाहिजे. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क व त्यावरील वस्तू-सेवा कर, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, कागद तारण ठेवण्याच्या दस्तावरील मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकाकडे तीस दिवसांत दाखल करावयाची गहाणाची सूचना, ज्याला कचेरीत सारे 'नोटीस ऑफ इंटिमेशन' म्हणतात, ही ती मुख्य कलमे. जुन्या बँकेला मात्र दंड द्यावा लागू नये. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच बँकांना मनाई केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांसाठी २०२५ च्या जुलैतील निर्देशांनी ही मनाई अधिक व्यापक केली आहे. स्थिर दराच्या कर्जाला आणि पतसंस्थेच्या कर्जाला हे संरक्षण मिळेलच असे नाही. तेथे करारनाम्यातील शर्त स्वतः वाचून पाहावी.

प्रत्यक्ष हस्तांतराच्या दिवशी काय घडते ते जवळून पाहण्याजोगे आहे. जुनी बँक फोरक्लोजरचे पत्र देते, त्यात अमुक तारखेपर्यंतची बाकी लिहिलेली असते आणि खाली बारीक अक्षरांत त्या तारखेनंतरचे दररोजचे व्याज किती ते नमूद असते. वरील उदाहरणात ९ टक्क्यांनी ते दिवसाला सुमारे ४३७ रुपये होते. नवी बँक त्या रकमेचा धनाकर्ष काढते, आणि तो वटण्यास उशीर होईल या हिशेबाने पुष्कळदा दोन-चार दिवसांचे व्याज जास्त धरले जाते. एवढ्यात महिन्याची पाच तारीख उजाडते आणि जुना हप्ता बचत खात्यातून ठरल्याप्रमाणे वळता होतो, कारण वसुलीची आज्ञा कोणी रद्द केलेली नसते. अशा रीतीने जास्तीचे व्याज आणि बंद झालेल्या खात्यात गेलेला हप्ता मिळून पंधरा-वीस हजार रुपये जुन्या बँकेकडे राहू शकतात. ते कर्जदाराचे आहेत. पण मागितल्यावाचून मिळण्यास विलंब लागतो, आणि पुष्कळ माणसे कर्ज सुटल्याच्या समाधानात खात्याचा अखेरचा उतारा मागतच नाहीत. तो मागावा, त्यावर बाकी शून्य आहे याची खात्री करावी आणि शून्याखाली गेली असल्यास ती रक्कम परत करण्याचा अर्ज देऊन पोच घ्यावी.

जुन्या धनकोकडे रक्कम अडकण्याचा हाच प्रश्न अमेरिकेत आणखी एका रूपाने येतो. ज्या घरांतील मुले न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावली आहेत, त्यांच्या पत्रांत व दूरध्वनीवरील संभाषणांत 'एस्क्रो' हा शब्द वारंवार येतो. तिकडे धनको कर्जाच्या हप्त्याबरोबरच घराच्या वार्षिक करांचा आणि विम्याचा बारावा हिस्सा दरमहा वसूल करतो, तो वेगळ्या अनामत खात्यात ठेवतो आणि देय तारखेला परस्पर भरतो. १९३० च्या दशकातील मंदीत करांच्या थकबाकीपायी असंख्य घरांवर जप्ती आली, आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने विमा उतरविलेल्या कर्जांना ही पद्धत आवश्यक केली, तेव्हापासून ती रूढ झाली. १९७४ च्या स्थावर व्यवहार कायद्यान्वये या खात्यात वर्षाच्या एकूण देण्याच्या एक-षष्ठांशाहून, म्हणजे दोन महिन्यांच्या रकमेहून, अधिक गंगाजळी धनकोला ठेवता येत नाही. आणि कर्ज फिटल्यावर खात्यातील शिल्लक शनिवार-रविवार व सार्वजनिक सुट्ट्या वगळून वीस दिवसांत परत करावी लागते.

तिकडे कर्ज हलविणाऱ्या मराठी कुटुंबाची पंचाईत होते ती येथेच. नवा धनको व्यवहार पुरा होण्याच्या दिवशीच नव्या अनामत खात्यासाठी काही महिन्यांचे कर व विमा आगाऊ मागतो, आणि जुन्या खात्यातील शिल्लक मात्र काही आठवड्यांनी धनादेशाने येते. मधल्या काळात एकाच खर्चाची रक्कम दोनदा गुंतून पडते. एवढा काळ पुरेल इतकी रोकड हाताशी ठेवली पाहिजे. कराचा भरणा नेमका संक्रमणाच्या महिन्यात येत असेल तर जुना धनको तो भरणार की नवा, हे लेखी विचारले पाहिजे, नाही तर तो दोघांकडूनही भरला जातो किंवा दोघांकडूनही राहतो. तो धनादेश हाती आला की त्यास कोणी व्यवहारातील नफा समजू नये. ती आपलीच अनामत असते. जुना आणि नवा धनको एकच असेल तर ऋणकोच्या संमतीने ती शिल्लक नव्या खात्यात वर्ग करता येते, आणि हाच मार्ग सोयीचा.

आपल्याकडे घरपट्टी घरमालक स्वतः ग्रामपंचायतीत भरतो, त्यामुळे अशी अनामत खाती गृहकर्जाबरोबर येत नाहीत. परंतु त्या अनामतीशी मिळतीजुळती एक रक्कम आपल्याही कर्जात दडलेली असते. कर्ज देताना संपूर्ण मुदतीचा विमा एकरकमी हप्त्याने उतरविला जातो आणि तो हप्ता कर्जातच मिळविला जातो. कर्ज पाच वर्षांनी हलले तर उरलेल्या पंधरा वर्षांचे संरक्षण एक तर चालू ठेवून नव्या बँकेच्या नावे अभिहस्तांकित करता येते, किंवा विमा बंद करून त्याचे मूल्य परत मागता येते: घराच्या विम्यात न उपभोगलेल्या मुदतीच्या प्रमाणात, आयुर्विम्यात त्या पॉलिसीच्या शर्तींनुसार. नव्या बँकेने दुसरा विमा गळ्यात मारण्यापूर्वी पहिल्याचा दाखला काढून वाचावा.

राहिले कागद आणि बोजा. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने असे ठरविले की, १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यानंतर तीस दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत केले पाहिजेत आणि नोंदविलेला भार काढून टाकला पाहिजे. संस्थेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद गहाळ झाले असतील तर त्यांच्या नकला मिळविण्यास साहाय्य करणे संस्थेला बंधनकारक आहे व त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात. व्यापारी बँका, ग्रामीण बँका, नागरी व जिल्हा सहकारी बँका, गृहवित्त कंपन्या या सर्वांना हा नियम लागू आहे. पतसंस्थेला तो लागू नाही. म्हणून पतसंस्थेकडून बँकेकडे जाणाऱ्याने नव्या बँकेची रक्कम सुपूर्त करण्यापूर्वीच संस्थेकडून ठेवलेल्या कागदांची यादी, ज्या दिवशी रक्कम मिळेल त्या दिवशी ते देण्याची लेखी हमी आणि बोजा उतरविण्याचे पत्र घेऊन ठेवावे. संस्थेने टाळाटाळ केली तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे दाद मागता येते.

बोजा उतरणे हा सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यात अमुक बँक, अमुक रक्कम आणि फेरफार क्रमांक अशी एक ओळ असते. कर्ज फिटले म्हणून ती आपोआप जात नाही. बँकेचे 'बोजा कमी करावा' असे पत्र गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे, ज्याला लोक आजही तलाठीच म्हणतात, दिले जाते किंवा बँक ते ई-हक्क प्रणालीतून पाठविते. मग फेरफार नोंद होते, १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमानुसार हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यांवर अशी संपलेली नोंद कंसात घातलेली दिसते. वडिलांनी हयातीत फेडलेल्या कर्जाची ओळ मुलांच्या वाटणीच्या वेळी तशीच उभी असल्याचे, आणि जिने कर्ज दिले होते ती संस्था दरम्यान अवसायनात गेलेली असल्याचे, प्रकार खेड्यापाड्यांत विरळा नाहीत. ज्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन पै न् पै फेडली, त्याच्या वारसांना केवळ एका न खोडलेल्या ओळीपायी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागावेत, हा अन्याय आहे आणि तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे.

तेव्हा वाचकहो, तुमचे घरकर्ज यापूर्वी कधी फिटले असेल किंवा दुसऱ्या बँकेत नेलेले असेल, तर आजच आपल्या मिळकतीचा ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि इतर हक्कांचा किंवा बोजाचा रकाना वाचा. तेथे जुन्या धनकोचे नाव अद्याप दिसत असल्यास त्याच्याकडे बोजा उतरविण्याच्या पत्राची, अखेरच्या उताऱ्याची व ना-देय दाखल्याची लेखी मागणी करा, पोच घ्या, आणि त्याने तीस दिवसांत दाद दिली नाही तर बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे व गृहवित्त कंपनीच्या बाबतीत राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे तक्रार नोंदवा.